फुकटची भाकरी कशी खावी: सोलापुरातून चौघांची स्वस्त भटकंती

‘गावाकडची माणसं देवमाणसं, जेवणाचा खर्च धरूच नका’ असा सल्ला देणारा एक तरी शहाणा प्रत्येक टोळक्यात असतो. त्याचं ऐकू नका. जेवणाचा खर्च धरा, रोजचा, माणशी, चहासकट. कुणी बोलावलं तर तो पैसा उरेल. नाही बोलावलं तरी तुम्ही कुणाच्या दारात आशाळभूतासारखे उभे राहणार नाही.

निघायच्या आदल्या दिवशी सगळ्यांची सारखी वर्गणी काढा आणि गल्ला चौघांतल्या सगळ्यात चिकट माणसाकडे द्या.

प्रवास एसटीनं करायचा. मार्च 2023 पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे दोन मैत्रिणी बरोबर असल्या तर भाड्याच्या गाडीचा विचारही करू नका. ‘आवडेल तेथे प्रवास’चा पास लांब पल्ल्याच्या फिरस्तीला ठीक आहे. सोलापूर, अक्कलकोट, तुळजापूर एवढ्याच फेऱ्या असतील तर सुटी तिकिटं काढा.

मुक्काम अक्कलकोटला किंवा तुळजापूरला भक्तनिवासात. गुरुवार, पौर्णिमा आणि नवरात्र टाळा. आधारकार्ड आणि स्वतःची चादर घ्या. (सोलापूरचा माणूस चादर घ्या म्हणणारच.)

अक्कलकोटला अन्नछत्रात महाप्रसाद मिळतो, त्याचे पैसे कुणी मागत नाही. पंगतीला बसा, पोटभर जेवा आणि जाताना देणगी द्या. हे सोपं आहे, कारण तिथं पावती फाडायची सोय असते. शेतातल्या वस्तीवर दानपेटी नसते आणि सगळा घोळ तिथंच होतो. मी केलेला घोळ सांगतो.

जानेवारी महिना, ज्वारी हुरड्यात आलेली. आम्ही चौघे हत्तरसंग-कुडलला गेलो होतो. सोलापूरपासून सुमारे 40 किमी, भीमा-सीनेचा संगम. तिथल्या देवळात शके 940, म्हणजे इ.स. 1018 चा मराठी शिलालेख आहे. वाचणारा विजयी होईल, अशा अर्थाची ओळ. आम्ही ती अक्षर अक्षर लावत बसलो आणि विजयी होण्याच्या नादात गाडी चुकली. (परतीची गाडी कधी, हे उतरतानाच कंडक्टरला विचारायचं असतं.) विजापूर रस्ता गाठायला चालत निघालो, तर बांधावरच्या एका मामांनी हटकलं आणि वस्तीवर नेलं. आजीनं चूल पेटवली.

ज्वारीचं पीठ गव्हासारखं एकदाच मळून ठेवता येत नाही, चिरतं. एकेका भाकरीपुरतं घ्यायचं, मळायचं, थापायचं. चार तरणी माणसं, प्रत्येकी तीन भाकरी. आजी बारा वेळा परातीवर वाकली, हे मी समोर बसून मोजलं. मग मला लाज वाटली आणि मी सगळ्यात वाईट गोष्ट केली. उठताना ताटाखाली पाचशेची नोट सरकवली.

आम्ही रस्त्याला लागलो आणि मागून नातू मोटारसायकलवर आला. हातात शेंगाचटणीची पुडी. उखळात कुटलेली, तेल सुटलेली. वर कागद आणि कागदावरून गुंडाळलेली माझीच नोट, तेलानं पारदर्शक झालेली. म्हणाला, “आज्जी म्हनली, आमी काय खानावळ घातलीया का?”

तेव्हापासून मी असं करतो.

बोलावणं खरं की रीतीपुरतं, हे आधी ओळखा. चालता चालता “जेवून जावा की” म्हणणं ही रीत झाली. त्यावर “पुढच्या वेळी, मामा” म्हणून हात जोडायचे. पाठीवरची पिशवी कुणी उतरवून घेतली, हातपाय धुवायला तांब्या आला, तर बसायचं. मग आढेवेढे घेऊन त्यांना दमवू नका. ऐन जेवणवेळी वस्तीच्या आसपास घुटमळायचं मात्र नाही, आणि विचारल्याशिवाय कणसाला हात लावायचा नाही. पैसे घेऊन हुरडा देणारी शेतं वेगळी. तिथं ठरलेले पैसे द्या, घासाघीस नको.

सोलापुरातून निघतानाच पिशवीत पाव किलो चहापावडर, डझनभर केळी आणि पोरांसाठी बिस्किटं टाका. ती द्यायची कधी, हे सगळ्यात महत्त्वाचं: आल्या आल्या, चपला काढताना. तेव्हा तो पाहुण्याचा खाऊ असतो. हेच जेवण झाल्यावर काढलं की जेवणाची किंमत चुकवल्यासारखं होतं आणि समोरच्याचा चेहरा पडतो. पोराच्या हातावर नोट ठेवायची रीत आहे म्हणतात, ती नातेवाइकांत. ओळखीपाळखी नसलेल्या घरात मी ठेवत नाही.

ताटात टाकू नका. तिसरी भाकरी नको असेल तर ती तव्यावर पडायच्या आधी सांगा. आपली ताटं आपण उचला. “राहू द्या” म्हणतील, तरी उचला.

फोटो काढला असेल तर मोबाइलवर दाखवून गप्प बसू नका. गावाचं नाव, तालुका, पिनकोड लिहून घ्या आणि कागदावर छापून पोस्टानं पाठवा. मी आजीचा म्हशीशेजारचा फोटो पाठवला होता. पुढच्या हुरड्याला आम्ही चौघे पुन्हा गेलो, तर केळी हातात घ्यायच्या आधीच तिनं तक्रार केली, “म्हस झ्याक आलीया, माजं डोळं मिटल्यालं हायती. दुसरा काढ.” आणि पदर नीट करून गोठ्याकडे चालायला लागली.