विंडोज 11 घातलं; आता जुनं काय काढायचं, काय ठेवायचं?

विंडोज 10 चा नेहमीचा मोफत सपोर्ट, म्हणजे सुरक्षा अपडेट वगैरे, 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, आणि तेव्हापासून मला ओळखीच्यांकडून एकच प्रश्न येतो: "अपग्रेड केलं आणि सी ड्राइव्ह भरला की हो! जागा गेली कुठे?"

सी ड्राइव्ह उघडा. तिथे 'विंडोज डॉट ओल्ड' नावाचं फोल्डर दिसेल. मागे फिरावंसं वाटलं तर सोय असावी म्हणून तुमचं जुनं विंडोज त्यात बांधून ठेवलेलं असतं. ही सोय 10 दिवसांची. नंतर विंडोज ते आपसूक पुसतं.

म्हणून पहिले 10 दिवस त्याला हात लावू नका, पण नुसते बसूही नका. ब्राउझर आणि वर्ड चालतातच, ते बघण्यात अर्थ नाही. अडीनडीला लागतं ते चालवून बघा: जुना प्रिंटर, स्कॅनर, डिजिटल सहीचं टोकन, हिशेबाचं सॉफ्टवेअर. काही अडलं, तर बॅकअप घेऊन सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी या वाटेने जा आणि 'गो बॅक' दाबा. अपग्रेडनंतर टाकलेली सॉफ्टवेअर मात्र जातील.

सगळं सुरळीत असेल आणि जागेची निकड असेल, तर सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स इथे जाऊन 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन्स'वर टिक करा आणि 'रिमूव्ह फाइल्स' दाबा. त्याच यादीत 'डाउनलोड्स'ही असतं. त्यावर टिक नाही ना, हे दोनदा बघा. बँकेची स्टेटमेंटं आणि मुलांच्या मार्कशीट नेमक्या तिथेच पडलेल्या असतात. अपग्रेड न करता विंडोज नव्याने टाकलं असेल, तर पुसण्याआधी विंडोज डॉट ओल्डमधल्या 'यूझर्स'मध्ये डोकावा. तुमचे जुने फोटो तिथे असू शकतात.

आता बाकीची सॉफ्टवेअर. इन्स्टॉल केलेल्या सॉफ्टवेअरच्या यादीत 'व्हिज्युअल सी प्लस प्लस' या, इतर सॉफ्टवेअरला चालायला लागणाऱ्या जोडभागाच्या 2008, 2010, 2013 अशा सालांच्या नोंदी दिसतात आणि जुन्या उडवायचा मोह होतो. उडवू नका. प्रत्येक सालावर वेगळं सॉफ्टवेअर उभं असतं आणि काढून जागाही फारशी मिळत नाही. विकतचं सॉफ्टवेअर काढायचं असेल, तर आधी त्यातून साइन आउट करा किंवा लायसन्स सोडवून घ्या, नाहीतर नव्या मशीनवर अडकाल.

खरी कसोटी फाइलींची. जुन्या सॉफ्टवेअरमध्येच उघडणारी फाइल तुमच्याकडे आहे का? आमच्या डीटीपीच्या, म्हणजे छपाईसाठी संगणकावर पानं लावण्याच्या धंद्यात हा प्रश्न रोजचा. पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या फाइली, त्याच्या जागी आलेल्या इनडिझाइनच्या सीएस6 आवृत्तीपर्यंत उघडायच्या, त्यापुढच्या आवृत्त्यांत नाही. मी एकदा आवराआवरीच्या उत्साहात पेजमेकर काढून टाकला, आणि महिन्याभरात एक गिऱ्हाईक जुनी स्मरणिका पुन्हा छापायला घेऊन आलं. फाइल होती, उघडणार कशात? शेवटी छापील प्रत समोर ठेवून 64 पानं पुन्हा टाइप केली.

तुमच्याकडे अशा फाइली असतील, तर काढण्याआधी प्रत्येकीची पीडीएफ करा आणि फॉन्टही जपून ठेवा. युनिकोड (आज सगळीकडे चालणारी अक्षरांची सामाईक पद्धत) येण्यापूर्वीच्या फॉन्टमधला मराठी मजकूर त्या फॉन्टविना निव्वळ इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. मजकुरात पुढे बदल करावे लागणार असतील, तर पीडीएफवर भागत नाही. मी त्यासाठी एक जुना संगणक नेटला न जोडता टेबलाखाली ठेवलाय. महिन्यातून एकदा चालू करून एखादी फाइल उघडून बघतो.