सैल स्पार्क प्लग : नुसता आवळून भागत नाही, या चुका टाळा

सिग्नलला गाडी थरथरते, चढावर पिकअप मरतो आणि बॉनेट उघडलं की 'फस्-फस्-फस्' असा ठेक्यात आवाज येतो. प्लग लूज आहे म्हणून कुणीतरी पाना लावून तो कचकचून आवळतो, आवाज थांबतो, गाडी मोकळी. पुढच्या सर्व्हिसिंगला प्लग काढायला जावं तर त्याच्याबरोबर हेडमधले (सिलिंडरवरच्या झाकणासारख्या भागातले) आटेही बाहेर येतात. सैल प्लगमुळे गाडीचं नुकसान होतंच, पण तो आडदांडपणे आवळल्यामुळे होणारं नुकसान बहुधा त्याहून महाग पडतं.

आधी प्लग सैल असला की काय होतं ते बघू. ज्वलनाच्या वेळी सिलिंडरमधला दाब आट्यांतून वर निसटतो, म्हणजे त्या सिलिंडरची ताकद घटते. तीन सिलिंडरच्या छोट्या गाडीत एक सिलिंडर ढिला पडला की तिसरा हिस्सा जोर गेला, म्हणून थरथर इतकी जाणवते. दुसरा परिणाम दिसत नाही, पण तो जास्त घातक. प्लगच्या टोकाची उष्णता आटे आणि बुडाचं वायसर यांच्यामार्गे हेडमध्ये जाते. वायसर घट्ट बसलेलं नसेल तर ही वाट तुटते, टोक लालबुंद होतं आणि ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटू लागतं. इंजिन खडखडतं, इलेक्ट्रोड (ठिणगी पाडणारं टोक) वितळतो आणि तसंच दामटलं तर पिस्टनला भोक पडू शकतं. त्यामुळे 'गॅरेजपर्यंत नेऊ कशीतरी' हा विचार सोडा. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर अजिबात चालवू नका, कारण न जळालेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर शुद्ध करणाऱ्या भागात) जाऊन पेटतं.

आवाज आला म्हणजे प्लगच, असं नाही

टॅपेटची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाची) टिकटिक कोरडी आणि धातूची असते. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचं) पॅकिंग गेलं असेल तर थंड इंजिनाला आवाज मोठा येतो आणि गरम झाल्यावर बऱ्याचदा कमी होतो. सैल प्लगचा आवाज हवेचा असतो आणि रेस केली की वाढतो. प्लग उघड्यावर असतील तर बुडाशी साबणाच्या पाण्याचे दोन-चार थेंब टाका, बुडबुडे आले की गळती सापडली. प्लग खोल विहिरीत (हेडमधल्या खड्ड्यात) असतील आणि वर कॉइल (ठिणगीसाठी उच्च दाबाची वीज देणारा भाग) बसवलेली असेल तर पाणी मुळीच टाकू नका. तिथे कॉइल काढून विहिरीत टॉर्च मारा. तळाला काजळी, कॉइलच्या रबरी बुटाला करपल्याचा वास किंवा काळी रेघ दिसली तर वायू वर येतोय हे नक्की.

इथे एक फसगत बरेच जण करून घेतात. प्लग काढल्यावर पांढऱ्या चिनीमातीवर, लोखंडी भागाच्या अगदी लगत, तपकिरी कडं दिसतं. ते पाहून 'प्लग लीक होतोय' असं सांगून प्लग बदलले जातात. उच्च दाबाच्या विजेमुळे हवेतले तेलाचे कण तिथे चिकटतात, त्याचा तो डाग. निरुपद्रवी असतो. खऱ्या गळतीची खूण खाली सापडते : वायसरवर आणि ते टेकतं त्या बैठकीवर काळे ओघळ, वरच्या आट्यांतही काजळी.

कोड रीडर (गाडीच्या संगणकाने नोंदवलेले दोष वाचणारं यंत्र) लावला तर पी ०३०१, ०३०२, ०३०३ यांतला शेवटचा आकडा मिसिंग करणारा (नीट न पेटणारा) सिलिंडर सांगतो. प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असेल तर इंजिन बंद करून दोन कॉइलींची अदलाबदल करा, कोड पुसा आणि पुन्हा चालवून बघा. कोड कॉइलबरोबर दुसऱ्या सिलिंडरवर गेला तर दोष कॉइलचा. तिथेच राहिला तर प्लग, इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा भाग) किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासा. जुन्या पद्धतीने चालू इंजिनाची प्लग वायर उपटून बघू नका. झटका बसतोच, शिवाय इलेक्ट्रॉनिक इग्निशन जळू शकतं.

आणि हो, प्लगच्या डोक्यावरचा छोटा नट बघितलात का? बऱ्याच प्लगांना तो फिरकीचा असतो. तो ढिला असला तरी गाडी मिसिंग करते, आणि सगळे हेडशी झटापट करत बसतात. पकडीने हलकेच आवळला की काम झालं.

काढताना

गरम इंजिनाला हात लावू नका. हेड ॲल्युमिनियमचं, प्लग लोखंडी. तापलेल्या ॲल्युमिनियमचे आटे मऊ पडलेले असतात आणि प्लगबरोबर खरवडून येतात. रात्रभर उभी राहिलेली गाडी सगळ्यात बरी. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. कॉइलचं कनेक्टर खटका दाबूनच सोडवा, जुनं प्लास्टिक ओढाताणीत तुटतं.

मग प्लगच्या भोवतीचा कचरा हवेने उडवा. कॉम्प्रेसर नसेल तर सायकलचा पंप चालेल. आपल्याकडे रस्त्यावरची धूळ विहिरीत थरच्या थर साचते. प्लग निघाल्यावर ती सिलिंडरमध्ये पडली की भिंतींवर ओरखडे. आधी पाव फेरा सोडवा, परत हवा मारा, मगच पूर्ण काढा. पाना बघून घ्या : जुन्या गाड्यांना २१चा म्हणतात तो (खरं माप २०.८ मिलिमीटर), नव्यांना १६ किंवा १४. आत रबर किंवा चुंबक असलेला खोल प्लग पानाच वापरा आणि तो सरळ धरा. पाना तिरका झाला की चिनीमाती तडकते. केसाएवढी तडक डोळ्यांना दिसत नाही, मिसिंग मात्र चालू होतं.

बसवताना सगळ्यात जास्त चुका होतात

सैल सापडलेला प्लग तसाच परत आवळू नका. तो किती तापून गेलाय याचा भरवसा नाही. बदला, आणि एक सैल निघाला तर बाकीचेही तपासा. नवा घेताना आट्यांची जाडी, लांबी आणि बैठक तिन्ही जुळली पाहिजेत. छोट्या गाड्यांत १४ मिलिमीटर जाडी आणि १.२५ पिच (दोन आट्यांमधलं अंतर) नेहमीची, तर आट्यांची लांबी १९ किंवा २६.५ अशी वेगवेगळी असते. आखूड प्लग घातला तर हेडचे खालचे आटे उघडे राहून त्यांत कार्बन भरतो, पुढे योग्य प्लग तिथे शिरत नाही. लांब घातला तर पिस्टनवर आदळू शकतो. जुन्या प्लगचं वायसर काढून नव्या प्लगखाली दुसरं म्हणून घालणं हा उद्योग तर करूच नका.

गॅप (दोन इलेक्ट्रोडमधलं अंतर) फीलर गेजने (पातळ पट्ट्यांच्या मापाने) तपासा. आकडा गाडीच्या पुस्तकातलाच धरा. जुन्या डिस्ट्रीब्युटरच्या गाड्यांत तो साधारण ०.७ ते ०.८ मिलिमीटर, नव्यांत १ च्या आसपास असतो. प्लग हातातून फरशीवर पडला तर तो बसवू नका.

पहिले आटे पान्याने धरू नका. जुन्या पेट्रोल पाइपचा वीतभर तुकडा प्लगच्या डोक्यावर चढवा, आधी उलटा फिरवा, 'टक' असा हलका खटका जाणवला की सुलटा फिरवा. आटे वाकडे धरले असतील तर पाइप घसरतो, प्लग जबरदस्तीने आत जात नाही. पान्याला ही समज नसते.

प्लग बोटांच्या ताकदीने टेकला की पुढचं माप ठरलेलं आहे. वायसरवाला नवा १४ मिलिमीटरचा प्लग अर्धा ते दोन तृतीयांश फेरा. तोच वापरलेला असेल तर वायसर आधीच दबलेलं असतं, त्यामुळे फेऱ्याचा बारावा भाग, म्हणजे घड्याळाच्या काट्याचं एक घर. वायसर नसलेल्या उतरत्या बैठकीच्या प्लगला फेऱ्याचा सोळावा भाग पुरतो. टॉर्क रेंच (पिळाचा जोर मोजणारा पाना) असेल तर ॲल्युमिनियम हेडमध्ये १४ मिलिमीटरच्या वायसरवाल्या प्लगला २५ ते ३० न्यूटन मीटर, १२ मिलिमीटरच्या प्लगला १५ ते २०.

२५ न्यूटन मीटर म्हणजे किती? वीस सेंटिमीटरच्या दांड्यावर साधारण साडेबारा किलोचा जोर. त्याच जोराने साठ सेंटिमीटरचा पाइप लावून ओढलंत तर ७५ न्यूटन मीटर होतात. एवढ्यात आटे उपटतात किंवा प्लगचं लोखंड ताणलं जातं. आट्यांना ऑइल, ग्रीस लावलं तरी असंच : घर्षण कमी झाल्याने तोच टॉर्क प्रत्यक्षात जास्त खेचतो. कोरडे, स्वच्छ आटे ठेवा.

सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत हे जरा जास्तच काटेकोर पाळा. गॅस पेटवायला जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे वाढलेली गॅप किंवा तडकलेली चिनीमाती पेट्रोलवर खपून जाते, पण गॅसवर लगेच मिसिंग दाखवते.

आटे गेलेच असतील तर

प्लग फिरतच राहतो, घट्ट होत नाही. टेफ्लॉन टेप, एम-सील, जाड वायसर यांतलं काहीही टिकत नाही, उलट दाबाने प्लग उडून बॉनेटच्या आतल्या बाजूवर आपटू शकतो. योग्य इलाज म्हणजे मोठे आटे पाडून आत स्टीलची आट्यांची गुंडाळी किंवा बुश बसवणं. हेड न काढता करायचं असेल तर टॅपच्या (आटे पाडायच्या हत्याराच्या) खाचांत ग्रीस भरावं, दर अर्ध्या फेऱ्याला टॅप बाहेर काढून चुरा पुसावा, शेवटी सिलिंडर व्हॅक्यूमने साफ करावा. कारागिराने चुरा कसा काढणार हे सांगितलं नाही तर हेड उतरवूनच काम करून घ्या.

सगळं बसवून इंजिन चालू केलंत की ते आयडलवर ठेवून हेडलाइट आणि एसी लावा. लोड आल्यावरही थरथर नसेल, 'फस्' आवाज नसेल आणि कोड परत आला नसेल, तर बॉनेट बंद करायला हरकत नाही.