ट्रॉलीत सायकल बांधताना
दसरा झाला की बीड, पाटोदा, धारूरकडून ऊसतोडीचे ट्रॅक्टर निघतात आणि सगळा संसार चढला की शेवटी सायकल आठवते. मग ती मागच्या फाळक्याला बाहेरून लटकते. तिथं नकोच. दोन चाकी ट्रॉलीत आसाच्या मागं वजन गेलं की ट्रॅक्टरला जोडलेला पुढचा दांडा हलका होतो, ट्रॉली झोलते. वर मागचा लाल दिवा अन् रिफ्लेक्टर झाकला जातो, ते वेगळंच. दोन ट्रॉल्या असतील तर सायकल पुढच्या ट्रॉलीत, पुढच्या फाळक्याला टेकवून उभी करा. मागची ट्रॉली जास्त हेलकावते.

पायडल काढलं तर बाजंत, गोधड्यांत अडकत नाही. डावं पायडल उलट्या आट्याचं असतं, घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवलं की सुटतं. हे माहीत नव्हतं तेव्हा मी पान्यावर उभा राहून आटेच घालवले होते!

नुसती नायलॉन दोरी दवानं भिजली की ढिली पडते. मोटरसायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापा. फ्रेम दोन ठिकाणी, चाकं दोन्ही बांधा. पट्टी ब्रेकच्या वायरीवरून नेऊ नका. हँडल फिरू नये म्हणून पुढचं चाक फ्रेमलाच आवळा.

मांजरसुंब्याचा घाट लागायच्या आत थांबून गाठी ओढून बघा, दांड्याची पिन अन् तिची क्लिपही. आणि सायकलीच्या आडोशाला लेकरं झोपवू नका. हिसका बसला की हँडल आधी त्यांच्याच अंगावर येतं.