हाताने बनवलेल्या गिटारला चपड्याचं ग्लॉस पॉलिश कसं करायचं

पॉलिश झालेली कुठलीही गिटार हातात घ्या आणि तिच्यात ट्यूबलाईट बघा. ट्यूबच्या कडा सरळ दिसल्या तर पृष्ठभाग सपाट आहे, पाण्यात हलल्यासारख्या वाकड्या दिसल्या तर खाली खड्डे-उंचवटे राहिलेत आणि वरून कितीही कंपाऊंड (चमक आणणारी पेस्ट) घासा ती चकाकी येणार नाही. आधी सपाटी, मग चकाकी. हे मला दुसऱ्या गिटारपर्यंत कळलंच नव्हतं, मी आपला एकावर एक कोट चढवत बसायचो.

मी सांगलीचा, आणि शेजारीच मिरज, जिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय टॅग मिळाला. तिथल्या एका कारागीर चाचांकडे बसून चपड्याचा, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेच्या पॉलिशचा, हात शिकलो आणि तोच गिटारला वापरतो. पीयू (पॉलीयुरेथेन) जास्त टिकाऊ आहे हे खरं, स्टेजवर रोज घाम गाळत वाजवणाऱ्याला मी पीयूच सांगेन. पण पुढच्या फळीवर जाड थर बसला की तिचं कंपन दबतं, आणि चपडा एकदम पातळ बसतो, शिवाय खरचटला तर नवा थर जुन्यात विरघळून एकजीव होतो, दुरुस्ती दिसत नाही. म्हणून मी चपडा.

लाकडाची तयारी १५०, २२०, ३२० अशा काचपेपरने. पुढची फळी स्प्रूसची (फिकट, मऊ लाकूड) असेल तर काचपेपर कडक ठोकळ्यावर गुंडाळूनच मारा, नुसत्या बोटांनी घासलं की दोन रेषांमधला मऊ भाग खोल जातो आणि मग पॉलिशवर सगळीकडे बारीक लाटा दिसतात. ३२० च्या आधी ओल्या फडक्याने लाकूड पुसा, वाळू द्या, तंतू उभे राहतात ते ३२० ने कापले जातात. खोलीतला मोठा लाईट बंद करून बाजूने टॉर्च मारून बघा, आडवे ओरखडे आत्ताच दिसले तर बरं, नंतर चपड्याखाली ते दुप्पट दिसतात.

चपड्याचं प्रमाण, २५० मिली स्पिरिटला ६० ग्रॅम. काचेची बरणी आणि प्लास्टिकचं झाकण, लोखंड लागलं की रंग काळपट होतो. रात्रभर ठेवा, मधूनमधून हलवा, मलमलमधून गाळा. हार्डवेअरच्या दुकानात सुतार घेतात त्या साध्या चपड्यात मेण असतं, त्याने थोडा धुरकटपणा येतो, म्हणून मिळाला तर मेण काढलेला घ्या, नाहीतर पातळ द्रावण आठवडाभर न हलवता ठेवून वरचं स्वच्छ तेवढं ओतून घ्या. भिजवलेला चपडा सहा महिन्यांपेक्षा जुना असेल तर काचेवर एक थेंब टाकून बघा, दुसऱ्या दिवशीही चिकट लागला तर टाकून द्या, तो गिटारवर कधीच वाळणार नाही. स्पिरिट विषारी असतं आणि चटकन पेट घेतं, त्यामुळे खिडकी उघडी, गॅस बंद, आणि देवघरातली उदबत्तीसुद्धा त्या खोलीत नको.

आता सील. आधी स्प्रूसला चपड्याचे दोन पातळ हात, मगच पाठीच्या आणि बाजूंच्या शिसवीला, आणि दोन्हीसाठी फडकी वेगळी. शिसवीचा रंग स्पिरिटमध्ये सुटतो आणि पांढऱ्या स्प्रूसवर किंवा कडेच्या पट्टीवर (बाइंडिंग) गेला की जांभळट डाग कायमचा. शिसवीला छिद्रं असतात, ती भरल्याशिवाय ग्लॉस विसरा. जुनी पद्धत प्युमिस (ज्वालामुखीचा दगड) पावडरची, कापडाच्या गादीला (ती कशी करायची ते पुढे) स्पिरिट लावून गोल गोल घासायचं, लाकडाची धूळ आणि पावडर मिळून छिद्रात बसते, रंगही लाकडाचाच येतो. मनगट दुखतं. पहिल्यांदा करणाऱ्याने सरळ हळू वाळणारा इपॉक्सी जुन्या एटीएम कार्डाने ओढून लावावा, नीट कडक झाल्यावर घासून काढावा, आणि पुन्हा एकदा. स्प्रूसला हे काही लागत नाही.

मग मुख्य काम. गादी म्हणजे आत कापसाचा गोळा आणि बाहेर धुवून धुवून मऊ झालेल्या जुन्या धोतराचं कापड, खाली एकही सुरकुती नको. आत चपडा सोडा, कागदावर दाबून जास्तीचा काढा, बाहेर ऑलिव्ह ऑइलचा एकच थेंब. झोक्यासारखा हात आत आला पाहिजे आणि चालतच बाहेर गेला पाहिजे, गादी मध्येच थांबली की कापड चिकटून खालचा थर उपटतो. आधी गोल, मग आठाच्या आकड्यासारखं, मग रेषेच्या दिशेने सरळ. गादीच्या मागे श्वास टाकलेल्या काचेसारखी धूसर वाफ दिसून लगेच उडाली तर ओल बरोबर आहे. चाचा तेवढ्याकडेच बघायचे. कोट मोजायचेच नाहीत.

दिवसाला दोन बैठका पुरे, एकूण आठ ते बारा. दर दोन-तीन बैठकांनी ६०० च्या कोरड्या पेपरने हलका हात मारून उंचवटे कापा. शेवटच्या दोन बैठकांत चपडा अगदी थोडा, स्पिरिट जास्त, सरळ हात, म्हणजे वर आलेलं तेल निघून जातं. तेल आत अडकलं तर महिन्याने चकाकी मेली म्हणून समजा.

वेळ कुठली निवडता हे फार महत्त्वाचं आहे. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे हवा इतकी ओली असते की स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतला ओलावा त्यावर धरतो आणि पॉलिश पांढरं धुकट होतं. झालंच तर कोरड्या दिवशी स्पिरिटची गादी हलकी फिरवा, बहुतेक वेळा निघून जातं. थंडी चांगली, पण तेव्हा साखर कारखाने चालू असतात आणि उसाच्या फडातलं पाचट पेटवलं की काळी काजळी उडत घरात येते, माझ्या एका गिटारच्या मागे ती अशी बसली की अख्खी पाठ परत करावी लागली. त्या दिवसांत खिडकीला ओलं सुती कापड लावा.

आता थांबा. कमीत कमी तीन आठवडे, जमलं तर महिना. चपडा आवळत जातो आणि खालच्या छिद्रांच्या खुणा वर येतात, त्या आल्यावरच घासायचं. पाणी टाळा, पॅराफिन तेलात १२०० चा वॉटर पेपर भिजवून ठोकळ्यावर, मग १५००, मग २०००. सगळीकडे एकसारखा मॅट रंग आला, चमकणारा एकही ठिपका उरला नाही की सपाट झालं. कडांवर ठोकळा नेऊ नका, तिथे थर पातळ असतो, लाकूड उघडं पडायला चार हात पुरतात. पडलंच तर घाबरू नका, त्या जागी गादी फिरवून परत थर चढवा. शेवटी सिलिकॉन नसलेलं बारीक कंपाऊंड मऊ फ्लॅनेलने हाताने घासा. मशीन लावू नका, गरम झालं की चपडा मऊ पडून ओढला जातो.

ब्रिजच्या (पुढच्या फळीवर तारा अडकवायची पट्टी) जागी सुरुवातीलाच टेप लावून ठेवायची, कारण सरस लाकडाला धरतो, पॉलिशला धरत नाही. आणि तयार गिटार निदान पहिला उन्हाळा तरी बंद गाडीत ठेवू नका, एप्रिल-मेच्या उन्हात चपडा मऊ होतो आणि केसमधल्या मखमलीचा ठसा पाठीवर उमटतो.