काचबिंदूची तपासणी: कोणाची आणि कशी

खुल्या कोनाचा काचबिंदू (कोन म्हणजे डोळ्यातलं पाणी बाहेर निचरण्याची जागा) दुखत नाही, डोळा लालही होत नाही. नजर आधी कडेने जाते आणि एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढतो, त्यामुळे पेपर वाचता येतोय यावर जाऊ नका. वय चाळिशीपुढे, आई-वडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कोणाला हा आजार, मोठा मायनस नंबर, मधुमेह, यांपैकी काहीही असेल तर त्रास नसतानाही तपासून घ्या. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या मराठी घरांत आत्या-काकांना ‘काला मोतिया’ (काचबिंदूचं हिंदी नाव) होता का, असंही विचारा. तिथे बऱ्याच जणांना तोच शब्द आठवतो.

स्टेरॉइडकडे विशेष लक्ष द्या, कारण यात तरुण आणि मुलंही सापडतात. लू सुरू झाली, डोळे खाजू लागले की गेल्या वर्षीचं डेक्सामेथासोन (स्टेरॉइडचे थेंब) चिठ्ठीशिवाय पुन्हा घरात येतं. खाज थांबते, पण काही जणांच्या डोळ्यातला दाब त्याच थेंबांनी काही आठवड्यांत चढतो. बरं वाटतंय म्हटल्यावर शंका कोणाला येणार?

डोळ्यातला दाब साधारण 10 ते 21 mmHg असावा. पण 16 आला म्हणून लगेच उठून येऊ नका. दाब दिवसभर खालीवर होतो, कॉर्निया म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा पातळ असेल (सरासरी जाडी सुमारे 540 मायक्रॉन) तर आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसतो, आणि काहींची डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस नॉर्मल दाबातही झिजते. म्हणून गोनिओस्कोपी (कोनाची तपासणी), कॉर्नियाची जाडी, नसेची तपासणी आणि फील्ड टेस्ट (कडेची नजर तपासणारी चाचणी) होणार का, ते विचारा. कोन खुला की बंद हे गोनिओस्कोपीतच नीट कळतं. ती बाहुली मोठी करण्याआधी व्हायला हवी. बाहुली मोठी केल्यावर काही तास अंधूक दिसतं, तेव्हा स्कूटर घरी ठेवा आणि कोणाला तरी सोबत न्या.

फील्ड टेस्टमध्ये नजर मधल्या दिव्यावरच ठेवा, ठिपके शोधत फिरवू नका. सराव नसल्याने पहिला रिपोर्ट बऱ्याचदा वाईट येतो. पुन्हा केल्याशिवाय घाबरायचं कारण नाही.

दाब कमी करणारे थेंब सुरू झाले तर खालची पापणी ओढून एकच थेंब टाका. दुसरा गालावरच ओघळतो. डोळा मिटून नाकाकडचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरा. नाहीतर त्यांतलं टिमोलॉल नाकावाटे रक्तात उतरतं, नाडी मंदावते आणि दमा उसळू शकतो. दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर तो आधीच सांगा. दोन औषधांमध्ये पाच मिनिटं जाऊ द्या. लॅटानोप्रोस्ट या दुसऱ्या थेंबांची बंद बाटली 2 ते 8 अंशांत राहायला हवी, म्हणून मे महिन्यात दुकानदाराने ती फ्रिजमधून काढून दिली तरच घ्या. फोडल्याची तारीख बाटलीवर लिहा, महिन्याने टाकून द्या.

फेरतपासणीच्या दिवशी थेंब चुकवू नका. औषधाखाली दाब किती राहतो हेच बघायचं असतं. शेवटचा थेंब किती वाजता टाकला, तेवढं सांगा.