आयर्लंडमधला छोटा गोठा : व्यायच्या दिवसांत जुन्या वस्तूंपैकी काय वापरायचं, काय नाही

फेब्रुवारी-मार्च म्हणजे तिकडे गायी व्यायचे दिवस, आणि पहिलारू (पहिल्यांदाच व्यालेली) गाय धारेला बसलं की लाथ झाडतेच. ज्यांच्याकडे मिल्किंग पार्लर (यंत्राने दूध काढायची जागा) नाही, दोन-चारच गायी आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

बुअरख (इंग्रजीत स्पॅन्सल) ही तिथली जुनी वस्तू. घोड्याच्या नाहीतर गायीच्या शेपटीच्या केसांची वळलेली आखूड दोरी, एका टोकाला फासा, दुसऱ्या टोकाला लाकडी गुल्ली. मागच्या दोन्ही पायांना ढोपराच्या वर तिढा देऊन घालायची. महत्त्वाची आहे ती गुल्ली, गाय घसरली तर ती फाश्यातून सरकवली की पाय लगेच मोकळे, गाठ सोडत बसावं लागत नाही. त्यामुळे घरी बनवाल तर गुल्ली विसरू नका, आणि पाय बांधून गायीला एकटी सोडून तर कधीच जाऊ नका. आणि हो, शांत गाय अचानक लाथ मारायला लागली तर दोरी शोधण्याआधी सड फुटलेत का, कास गरम-कडक लागते का ते बघा, दगडी (कासेचा दाह) झाली असेल तर बांधून काय उपयोग, डॉक्टरच बोलवा.

दुसरं सुगान, म्हणजे काडाची दोरी. एकजण बसून काड सोडत जातो, दुसरा आकडा फिरवत मागे मागे सरकतो, घरातली पोरंसुद्धा करायची. गाय अडकून जोरात ओढली तर ही तुटते. आज सगळीकडे गठ्ठ्यांची निळी प्लॅस्टिक सुतळी वापरतात ना, ती तुटत नाही, कातडीत रुतते, आणि तुकडा पोटात गेला तर तिथेच साठून राहतो. कापलेली प्रत्येक सुतळी लगेच खिशात टाका!

वासराचं दूध तोडायला पूर्वी त्याला खिळ्यांचं मुसकं घालायचे, दूध प्यायला गेलं की खिळे आईच्या कासेला टोचायचे. हे अजिबात करू नका, सडाला जखम झाली की त्यातूनच कासेचे आजार सुरू होतात. त्यापेक्षा नाकात अडकवायची प्लॅस्टिकची पट्टी मिळते ती बरी.

ओढाळ गायीच्या डोळ्यांवर फळी बांधायचे, तिला पुकीन म्हणतात. आपल्याकडच्या लोढण्याचीच बहीण. पण हिवाळाभर गोठ्यात राहिलेली गाय पहिल्यांदा गवतावर सोडली की उधळते, त्यात डोळे झाकलेले म्हणजे चर नाहीतर दलदलीत पडणारच. सोडायच्या आदल्या दिवशी दगडी बांधांची पडलेली खिंडारं रचून घ्या, फळीची गरजच पडत नाही.