खात्यात आपोआप आलेल्या शेअरचा हिशेब कसा लावायचा

अमेरिकेतल्या मिलवॉकीच्या आसपासच्या मराठी घरांत जीईचा (जनरल इलेक्ट्रिकचा) शेअर नसलेलं घर शोधावं लागतं. कोणी जवळच्या वॉकेशात जीईच्या एमआरआय मशीनवर काम करतं, कोणाचे सासरे तिथून रिटायर झालेत. मी लोकांचे टॅक्स भरते. जानेवारी २०२३ मध्ये जीईचा मेडिकल मशीनचा धंदा, जीई हेल्थकेअर, वेगळी कंपनी म्हणून निघाली तेव्हापासून माझ्याकडे एक प्रश्न ठरलेला असतो: "ताई, हे शेअर मी घेतलेच नव्हते, मग आले कुठून? फुकट मिळाले का?" एप्रिल २०२४ मध्ये थ्रीएम कंपनीतून तिचा आरोग्याचा धंदा सॉल्व्हेंटम नावाने निघाला आणि तोच प्रश्न घेऊन दुसरी मंडळी आली.

फुकट काही नाही. कंपनीतून नवी कंपनी निघाली की जुन्या भागधारकांना तिचे शेअर प्रमाणात मिळतात. भावाभावांची वाटणी होते तेव्हा जमीन वाढत नाही, सातबारे वाढतात. आणि जमिनीबरोबर कर्जाचीही वाटणी होते, ते कोणी सांगत नाही. तेव्हा कामं दोन: आपली मूळ खरेदी किंमत दोन्हीकडे वाटायची, आणि नव्या कंपनीच्या गळ्यात काय काय आलंय ते पाहायचं.

आधी जुनी स्टेटमेंटं काढा. जीईच्या बाबतीत इथेच गाडी अडते, कारण ऑगस्ट २०२१ मध्ये आठ शेअरचा एक झाला होता. समजा तुम्ही २०२० च्या मे महिन्यात, भाव पार तळाला असताना, ८०० शेअर एकूण ४,५०० डॉलरला घेतले. आज ते १०० आहेत, पण खरेदी अजूनही ४,५०० च. हेल्थकेअरचं प्रमाण होतं जीईच्या तीन शेअरमागे एक, १६ डिसेंबर २०२२ च्या नोंदीप्रमाणे. म्हणजे तुमचे तेहतीस आणि एक तृतीयांश. तेहतीस खात्यात आले आणि तुकड्याचे पैसे रोख आले; स्टेटमेंटवर ते 'कॅश इन ल्यू' म्हणून दिसतात.

आता ४,५०० वाटायचे. हिशेब कळावा म्हणून मी गोल भाव धरते: वाटणीनंतर जीई ७० डॉलर, हेल्थकेअर ६०. जीईच्या एका शेअरमागे हेल्थकेअरचा तिसरा हिस्सा, म्हणजे २० डॉलर. ७० अधिक २०, एकूण ९०. मग ४,५०० चे नऊ भाग करा: सात भाग, म्हणजे ३,५०० जीईकडे, दोन भाग, म्हणजे १,००० हेल्थकेअरकडे. हेल्थकेअरचा शेअर तुम्हाला ३० ला पडला. तुकड्याची खरेदी १० डॉलर, रोख मिळाले २०, नफा १०. अमेरिकेत या सगळ्या व्यवहारात त्या वर्षी कर लागतो तो एवढ्या दहा डॉलरवर. बाकी वाटणी करमुक्त होती, आणि धारणकाळ, म्हणजे शेअर किती काळ हातात होता तो, तुमच्या मूळ खरेदीच्या तारखेपासूनच मोजला जातो.

खरे भाव माझ्या मनाचे घ्यायचे नाहीत. कंपनी फॉर्म ८९३७ काढते, गुंतवणूकदारांसाठीच्या पानावर तो असतो. वाटणीचा हिशेब कसा धरायचा ते त्यात सापडतं. ब्रोकर बहुतेक वेळा हे आपोआप करतो, पण फार जुने किंवा एका ब्रोकरकडून दुसरीकडे हलवलेले शेअर असतील तर खरेदीचा रकाना रिकामाच दिसतो. रिकामा रकाना म्हणजे खरेदी शून्य असं धरून कर भरणारे हुशार इंजिनियर मी पाहिलेत.

आता दुसरं काम. आपली मंडळी भाव बघतात आणि थांबतात. वेगळं होण्याआधी कंपनी एसईसीकडे, म्हणजे अमेरिकेतल्या शेअर बाजाराच्या नियामकाकडे, आपल्या माहितीचा फॉर्म १० देते. तो जाडजूड असतो, सगळा वाचायची गरज नाही. मी कर्ज, पेन्शन आणि मूळ कंपनीशी झालेले करार एवढंच उघडते. जीई हेल्थकेअरने निघताना सुमारे १० अब्ज डॉलरच्या कर्जाची तजवीज केली, पेन्शनची मोठी देणीही तिच्याकडे आली, आणि 'जीई' हे नाव ती परवान्यावर वापरते. सॉल्व्हेंटमने कर्ज काढून थ्रीएमला साधारण ७.७ अब्ज डॉलर दिले. त्याच सुमारास थ्रीएमच्या डोक्यावर सैनिकांच्या इअरप्लगचे आणि पीएफएएस रसायनांचे दावे होते. पैसा कोणत्या दिशेला गेला ते समजलं की जाहिरातीतली 'फोकस'ची भाषा जरा सावकाश वाचली जाते.

दोन्ही ठिकाणी मूळ कंपनीने १९.९ टक्के हिस्सा स्वतःकडे ठेवला. आकडा योगायोगाचा नाही: करमुक्त वाटणीसाठी किमान ८० टक्के भागधारकांना द्यावे लागतात. असा उरलेला हिस्सा मूळ कंपनी पुढे विकायला काढते हे धरून चाला. अशी मोठी विक्री आली की भाव हलतो, तेव्हा घाबरून फोन करू नका.

निवृत्त लोकांनी डिव्हिडंड आधी तपासावा. थ्रीएमने साठ-एक वर्षं दरवर्षी डिव्हिडंड वाढवला होता. वाटणीनंतर तो तिमाहीला १.५१ डॉलरवरून ७० सेंटवर आला. सॉल्व्हेंटम डिव्हिडंड न देताच सुरू झाली, हेल्थकेअरने तिमाहीला ३ सेंटने सुरुवात केली. दर तीन महिन्यांनी येणाऱ्या चेकवर ज्यांचं घर चालतं त्यांना हे जास्त लागतं.

जीई हेल्थकेअरचा धंदा मात्र मला आवडतो, हे माझं मत. लोकांना वाटतं पैसा मोठ्या मशीनमध्ये आहे. पण स्कॅनर एकदा बसला की देखभालीचा करार, सुटे भाग आणि स्कॅनच्या आधी शिरेतून देतात ते कॉन्ट्रास्ट औषध वर्षानुवर्षं विकलं जातं. २०२२ मध्ये शांघायच्या लॉकडाऊनमध्ये तिथला कारखाना अडकला आणि अमेरिकेतल्या हॉस्पिटलांना सीटी स्कॅन पुढे ढकलावे लागले. ते औषध याच कंपनीचं.

जीईवाल्यांनी अजून एक पायरी विसरू नये. २ एप्रिल २०२४ ला जीईचा वीज-ऊर्जेचा धंदा जीई व्हर्नोव्हा म्हणून निघाला, चार शेअरमागे एक. तुमच्या १०० वर २५, तुकडा नाही. पण आता वाटायचे ते ३,५००, मूळचे ४,५०० नव्हेत. व्हर्नोव्हाचा फॉर्म ८९३७ वेगळा आहे.

भारतात राहून हे शेअर घेतलेल्यांनी अमेरिकेची करसूट तिकडे आपोआप लागू होते असं समजू नये, सीएला विचारावं. रिटर्नमधल्या शेड्यूल एफएमध्ये, म्हणजे परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात, नवी कंपनी स्वतंत्र ओळीत दाखवावी लागते, आणि तिथलं वर्ष जानेवारी ते डिसेंबर धरतात. हेल्थकेअरचे शेअर ३ जानेवारीला आले, म्हणून ते २०२३ च्या खात्यात जातात, २०२२ च्या नाही.